ऑस्ट्रेलियातले नेतृत्वबदल आणि पक्षांतर्गत गटबाजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्न, सिडनी किंवा पर्थला राहणाऱ्या मराठी मतदारांना आणि इथलं राजकारण भारतातून पाहणाऱ्यांना एक गोष्ट सारखी कोड्यात टाकते. निवडणूक नाही, अविश्वास ठराव नाही, आणि तरी सकाळी एक पंतप्रधान आणि संध्याकाळी दुसरा, असं कसं होतं? २०१० ते २०१८ या आठ वर्षांत हे चार वेळा झालं. त्यामागची यंत्रणा समजली की बातम्यांमधली अर्धी गुंतागुंत सुटते.

पंतप्रधान जनतेनं निवडलेला असतो ना? मग खासदार त्याला कसे काढतात?

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत 'पंतप्रधान' या पदाचा उल्लेखच नाही. मतदार आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतात. कनिष्ठ सभागृहात ज्याच्यामागे बहुमत उभं आहे, त्याला गव्हर्नर जनरल पंतप्रधान म्हणून शपथ देतात. हे बहुमत पक्षाचं असतं आणि पक्षाचा नेता कोण, हे पक्षाचे खासदार ठरवतात. त्यामुळे नेता बदलला की पंतप्रधान बदलतो. सभागृहात त्यावर मतदान व्हावं लागत नाही.

खासदारांच्या या बैठकीला डावीकडे झुकलेल्या लेबर पक्षात 'कॉकस' आणि उजवीकडे झुकलेल्या लिबरल पक्षात 'पार्टी रूम' म्हणतात. दोन्हींत कनिष्ठ सभागृहाबरोबर सेनेटचेही सदस्य असतात आणि प्रत्येकाला एकच मत. देशाचा कारभार कोणाकडे जावा, हा निर्णय साधारण ८० ते १२५ माणसं एका बंद खोलीत घेतात. इथल्या गटबाजीला इतकी धार का आहे, याचं मूळ या आकड्यात आहे. लाखो मतदारांचं मन वळवायला वर्षं लागतात. पंधरा खासदारांचं मन वळवायला एक आठवडा पुरतो.

'स्पिल' म्हणजे नेमकं काय?

पक्षातली नेत्याची आणि उपनेत्याची पदं रिकामी झाल्याचं जाहीर करणं म्हणजे स्पिल. अनेकांना वाटतं, आव्हान देणारा उभा राहतो आणि थेट दोघांत मतदान होतं. तसं नेहमी होत नाही. बहुतेक वेळा दोन वेगळ्या पायऱ्या असतात.

पहिल्या पायरीत कुणीतरी खासदार 'पदं रिकामी करावीत' असा ठराव मांडतो. हा ठराव मांडणारा स्वतः उमेदवार असावा लागत नाही, आणि बहुधा तो नसतोच. ठराव पडला तर विषय तिथेच संपतो. ठराव मंजूर झाला तर दुसरी पायरी सुरू होते : उमेदवारांची नावं मागवली जातात आणि गुप्त मतदान होतं. दोनपेक्षा जास्त उमेदवार असले तर सगळ्यांत कमी मतं मिळालेला बाद होतो आणि उरलेल्यांत पुन्हा मतदान होतं.

नेता स्वतःच पद रिकामं करून मैदानात उतरला, तर पहिली पायरी लागत नाही. विरोधकांची तयारी पूर्ण होण्याआधी त्यांना गाठायचं, हा त्यामागचा हिशोब असतो.

९ फेब्रुवारी २०१५ ला तेव्हाचे लिबरल पंतप्रधान टोनी ॲबट यांच्याविरुद्ध पहिल्या पायरीचाच ठराव आला, तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दोन बॅकबेंचरांनी, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या मागच्या बाकावरच्या खासदारांनी, आणला होता. समोर कुणीही उमेदवार नव्हता. ठराव ६१ विरुद्ध ३९ असा पडला, पण पर्यायी नाव नसताना ३९ जणांनी पंतप्रधानांविरुद्ध मत दिलं होतं. ॲबट यांनी सुधारणेसाठी मुदत मागून घेतली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला माल्कम टर्नबुल यांनी त्यांना ५४ विरुद्ध ४४ असं हरवलं.

मतं इतकी काठावर का पडतात?

कारण मतदार थोडे आणि बॅलट गुप्त. १ डिसेंबर २००९ ला कार्बन उत्सर्जनाच्या विधेयकावरून लिबरल पक्ष उभा फुटला होता. टर्नबुल तेव्हा पक्षाचे नेते होते. नेतेपदाच्या पहिल्या फेरीत ॲबट ३५, टर्नबुल २६ आणि जो हॉकी २३. हॉकी जिंकतील असं बहुतेकांनी धरलं होतं, पण ते पहिल्याच फेरीत बाद झाले. शेवटच्या फेरीत ॲबट ४२, टर्नबुल ४१, आणि एका मतपत्रिकेवर नावाऐवजी 'नाही' असं लिहिलेलं. देशाच्या हवामान धोरणाची पुढची दहा वर्षं एका मतानं वळली, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

बरोबरी झाल्याचंही उदाहरण आहे. मार्च १९७१ मध्ये पंतप्रधान जॉन गॉर्टन यांच्यावरच्या विश्वासाचं मतदान ३३-३३ असं झालं. बरोबरी म्हणजे विश्वास नव्हे, असं म्हणून त्यांनी पद सोडलं आणि विल्यम मॅकमहॉन पंतप्रधान झाले.

ऑगस्ट २०१८ मध्ये नक्की काय झालं? डटन यांनी सुरुवात केली आणि मॉरिसन कसे पंतप्रधान झाले?

हा एक आठवडा नीट समजला तर बाकीची सगळी प्रकरणं समजतात.

पार्श्वभूमी अशी. २०१६ च्या निवडणुकीत टर्नबुल यांना १५० पैकी ७६ जागा, म्हणजे जेमतेम बहुमत मिळालं होतं. ॲबट यांना हटवताना त्यांनी 'सलग ३० न्यूजपोलमध्ये (म्हणजे वर्तमानपत्राच्या मतचाचण्यांत) आपण मागे आहोत' हे कारण दिलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या सरकारनं तोच आकडा गाठला. जुलैच्या शेवटी क्वीन्सलंडमधल्या लाँगमन पोटनिवडणुकीत पक्षाची मतं घसरली, आणि क्वीन्सलंडचे खासदार घाबरले. त्यात राष्ट्रीय ऊर्जा हमी योजनेवरून पक्षाच्या उजव्या बाजूनं बंड केलं. टर्नबुल यांनी उत्सर्जनाचं लक्ष्य कायद्यात घालण्याचा विचार मागे घेतला, तरी बंड शमलं नाही.

मंगळवार, २१ ऑगस्ट. टर्नबुल यांनी बैठकीत अचानक स्वतःचं पद रिकामं केलं. गृहमंत्री पीटर डटन उभे राहिले आणि ४८ विरुद्ध ३५ असे हरले. वरवर पाहता टर्नबुल जिंकले, पण प्रत्यक्षात ३५ हा आकडा उघडा पडला. आता डटन यांना जेमतेम आठ मतं फिरवायची होती.

बुधवारी आणि गुरुवारी मंत्र्यांचे राजीनामे सुरू झाले. गुरुवारी मथायस कॉरमन, मायकेलिया कॅश आणि मिच फिफील्ड यांनी एकत्र पाठिंबा काढला. त्या दिवशी सरकारनं कनिष्ठ सभागृहाचं कामकाजच तहकूब केलं. टर्नबुल यांनी अट घातली : बहुमताच्या, म्हणजे ४३ खासदारांच्या सह्यांचं पत्र आणा, तरच बैठक बोलावतो. शिवाय, डटन यांच्या कौटुंबिक ट्रस्टची पाळणाघरं सरकारी अनुदान घेतात, त्यामुळे घटनेच्या कलम ४४ खाली ते खासदार म्हणून पात्र आहेत का, यावर सॉलिसिटर जनरलचं मत मागवलं.

या दोन अटींनी टर्नबुल वाचले नाहीत, पण एक दिवस मिळाला. त्या दिवसात खजिनदार, म्हणजे अर्थमंत्री, स्कॉट मॉरिसन यांच्या माणसांनी मतं मोजली आणि जमवली. शुक्रवारी, २४ ऑगस्टला, पदं रिकामी करण्याचा ठराव ४५ विरुद्ध ४० असा मंजूर झाला. तीन जणांनी मत फिरवलं असतं तर टर्नबुल राहिले असते. पहिल्या फेरीत डटन ३८, मॉरिसन ३६, जुली बिशप ११. परदेशमंत्री आणि अकरा वर्षं उपनेत्या असलेल्या बिशप बाद झाल्या आणि शेवटच्या फेरीत मॉरिसन ४५, डटन ४०.

डटन यांची चूक कुठे झाली? मंगळवारी त्यांची मोजणी अपुरी होती आणि तरी ते उभे राहिले. मग शुक्रवारपर्यंत सगळं लक्ष टर्नबुल यांना पाडण्यावर राहिलं. पाडल्यानंतर निवडून कोण येईल, हे दुसरं गणित असतं. पहिल्या गणितात सोबत असलेले लोक दुसऱ्यात सोबत असतीलच असं नाही.

टर्नबुल यांनी खासदारकी सोडली. ऑक्टोबरमध्ये त्यांची वेंटवर्थची सुरक्षित जागा अपक्ष केरिन फेल्प्स यांनी जिंकली, आणि सरकारचं बहुमत गेलं.

आता नियम कडक केलेत ना? नवे नियम काय सांगतात?

दोन्ही मोठ्या पक्षांनी केले, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या पद्धतीनं.

लेबरनं जुलै २०१३ मध्ये, तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांच्या पुढाकारानं. पदावरच्या पंतप्रधानाला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के खासदारांच्या सह्या लागतात, आणि पक्ष विरोधात असेल तर ६० टक्के. शिवाय नेत्याच्या निवडणुकीत अर्धं वजन खासदारांच्या मतांना आणि अर्धं सामान्य सभासदांच्या मतांना.

लिबरल पक्षानं डिसेंबर २०१८ मध्ये. निवडणूक जिंकून आलेल्या पंतप्रधानाला हटवायला पार्टी रूमचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. विरोधी पक्षात असताना मात्र साधं बहुमत पुरतं. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून विरोधात असलेल्या लिबरल नेत्याची खुर्ची आजही पूर्वीइतकीच डळमळीत असते.

जुनी मतदानं नव्या नियमांत बसवून पाहा. जून २०१३ मध्ये रड यांनी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांना ५७-४५ असं हरवलं. १०२ जणांच्या कॉकसमध्ये ७५ टक्के म्हणजे ७७ सह्या, तेव्हा ते शक्यच झालं नसतं. २०१८ मध्ये ८५ जणांच्या दोन तृतीयांश म्हणजे ५७ मतं लागली असती आणि ठरावाला मिळाली होती ४५.

तरीही या नियमांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. निम्म्याहून जास्त सहकाऱ्यांचा विश्वास गेलेला पंतप्रधान नियमानं टिकला तरी सरकार चालवू शकत नाही. मंत्री राजीनामे देत राहिले तर तो स्वतःच पायउतार होईल. नियम घाईचा मार्ग बंद करतात. असंतोष त्यांनी संपत नाही.

सभासदांना मत दिलं की नेता जास्त लोकशाही पद्धतीनं निवडला जातो का?

२०१३ च्या निवडणुकीनंतर लेबरनं ही पद्धत पहिल्यांदा वापरली. ही प्रक्रिया जवळजवळ महिनाभर चालली. सुमारे ३० हजार सभासदांनी मतं दिली आणि त्यातली साधारण ६० टक्के अँथनी अल्बानीज यांना गेली. कॉकसमध्ये मात्र बिल शॉर्टन ५५-३१ असे पुढे होते. दोन्ही निम्मी धरून शॉर्टन सुमारे ५२ टक्क्यांनी जिंकले. ८६ खासदारांचं वजन ३० हजार सभासदांएवढं असतं, हे त्या दिवशी आकड्यांत दिसलं. खासदार सहसा गटाच्या शिस्तीनं मत देतात, त्यामुळे गटांचं महत्त्व या पद्धतीत कमी होत नाही.

उलट बाजूचा धडा ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स पक्षानं दिला. तिथे नेता थेट सभासद निवडत. २००१ मध्ये सभासदांनी मेग लीस यांच्याऐवजी नताशा स्टॉट डिस्पोया यांना निवडलं. सेनेटमधल्या सहकाऱ्यांना त्या नको होत्या. पुढच्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं आणि २००८ पर्यंत संसदेत पक्षाचा एकही सदस्य उरला नाही. रोज सोबत काम करणारे सहकारी ज्याला मानत नाहीत, त्याला बाहेरचा कौल फार काळ वाचवू शकत नाही.

लेबरमधले गट कोणते? ते अधिकृत असतात का?

हो, जवळजवळ अधिकृतच. डावा आणि उजवा असे दोन मोठे राष्ट्रीय गट आहेत, आणि प्रत्येक राज्यात त्यांची वेगळी घडण आहे. गटाच्या बैठका होतात, निमंत्रक असतात, बहुतेक खासदार उघडपणे कुठल्या ना कुठल्या गटाचे असतात. न्यू साउथ वेल्समधला उजवा गट पक्षाच्या ससेक्स स्ट्रीटवरच्या जुन्या कार्यालयावरून ओळखला जाई. व्हिक्टोरियातला डावा गट 'सोशलिस्ट लेफ्ट' या नावानं चालतो.

गटांची मुळं कामगार संघटनांत आहेत. राज्य परिषदांत निम्मी मतं संलग्न संघटनांची असतात. दुकान कर्मचाऱ्यांची संघटना आणि ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियन उजवीकडे, उत्पादन क्षेत्रातली धातुकामगारांची संघटना डावीकडे. संघटनेचा सचिव परिषदेत किती प्रतिनिधी पाठवतो, यावर उमेदवारीचं गणित बसतं.

डावा-उजवा हा फरक धोरणाचा कमी आणि वाटणीचा जास्त राहिला आहे, असं आमचं मत. गिलार्ड व्हिक्टोरियाच्या डाव्या गटाच्या होत्या, पण २०१० मध्ये त्यांना पंतप्रधानपदावर बसवण्यात उजव्या गटाच्या लोकांचा पुढाकार होता. रड यांच्यामागे भक्कम गट नव्हता. मतचाचण्या चांगल्या होत्या तोवर ते चाललं. २०१० मध्ये कार्बन योजना पुढे ढकलल्यावर आणि खाणकरावरून खाण कंपन्यांशी संघर्ष पेटल्यावर चाचण्या घसरल्या, आणि त्यांना सावरायला कुणी उरलं नाही. २३ जूनच्या संध्याकाळी हालचाल सुरू झाली, २४ च्या सकाळी रड यांनी उमेदवारीही भरली नाही.

'चेहरा नसलेली माणसं' हा शब्दप्रयोग कुठून आला?

१९६३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अमेरिकन तळाबद्दल लेबरची भूमिका पक्षाच्या ३६ प्रतिनिधींची परिषद ठरवत होती. पक्षाचे नेते आर्थर कॉलवेल आणि उपनेते गॉफ व्हिटलम यांना त्यात मत नव्हतं. दोघं रात्री कॅनबेरातल्या हॉटेलाबाहेर निर्णयाची वाट पाहत उभे असलेलं छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आलं. तेव्हाचे लिबरल पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांनी '३६ चेहरा नसलेली माणसं' हा मुद्दा प्रचारात उचलला. तेव्हापासून पडद्यामागच्या गटप्रमुखांना हेच नाव आहे.

गटाचा कोटा म्हणजे काय? मे २०२५ मध्ये दोन मंत्री का वगळले गेले?

लेबर सरकारात मंत्री कोण होणार हे कॉकस ठरवतं, आणि कोणतं खातं कुणाला हे नेता. प्रत्यक्षात गट आपापल्या खासदारांच्या संख्येप्रमाणे जागा वाटून घेतात आणि नावं देतात. त्यात पुन्हा राज्याराज्यांचा समतोल असतो.

३ मे २०२५ च्या निवडणुकीत लेबरनं कनिष्ठ सभागृहात ९४ जागा जिंकल्या. गटांची संख्या बदलली, तसा कोटाही बदलला. न्यू साउथ वेल्सच्या उजव्या गटाकडे हिशोबापेक्षा जास्त मंत्री ठरले, म्हणून एड ह्युसिक गेले. व्हिक्टोरियाच्या उजव्या गटानं नव्या माणसांना जागा देण्यासाठी महाधिवक्ता मार्क ड्रायफस यांना वगळलं. ह्युसिक यांनी उपपंतप्रधान रिचर्ड मार्ल्स यांना दूरचित्रवाणीवर उघडपणे 'गटाचे मारेकरी' म्हटलं. कामगिरीचा प्रश्नच त्यात नव्हता. इतक्या मोठ्या विजयानंतर पंतप्रधानानं शब्द टाकला असता तर दोघं राहिले असते, असं म्हणणारेही पक्षात होते. अल्बानीज यांनी गटांच्या निर्णयात हात घातला नाही.

'ब्रँच स्टॅकिंग' कसं चालतं?

उमेदवारी स्थानिक शाखांच्या मतावर अवलंबून असेल, तर शाखेत आपली माणसं भरायची. ही माणसं खरी असतात, पण पक्षात त्यांना रस नसतो. दुसराच कुणी त्यांची वर्गणी भरतो, अर्जावरचा पत्ता सोयीचा टाकतो, आणि मतपत्रिका आली की ती गोळा करून नेतो. सभासदाला आपण सभासद आहोत हेही कधी कधी माहीत नसतं. स्थलांतरित समाजांचे म्होरके यात अनेकदा मध्यस्थ केले जातात, कारण त्यांच्या एका शब्दावर पन्नास सह्या मिळतात.

जून २०२० मध्ये व्हिक्टोरियातले लेबर मंत्री अडेम सोम्युरेक यांच्या बाबतीत हे प्रकरण माध्यमांनी उघड केलं. त्यांचं मंत्रिपद गेलं. राष्ट्रीय कार्यकारिणीनं राज्यशाखा ताब्यात घेतली आणि स्टीव्ह ब्रॅक्स व जेनी मॅकलिन यांना प्रशासक नेमलं. भ्रष्टाचारविरोधी आयोग आणि ओंबड्समन यांनी मिळून केलेल्या चौकशीचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. खासदार-आमदारांच्या कार्यालयातले सरकारी पगारावरचे कर्मचारी गटाच्या कामाला लावले जात, हे त्यातून समोर आलं. कुणावर फौजदारी खटल्याची शिफारस मात्र झाली नाही.

लिबरल पक्षात गट नसतात, असं त्यांचे नेते सांगतात. खरं आहे का?

लेबरसारखे नोंदलेले गट नाहीत, पण गट आहेत. मवाळ, सनातनी उजवे आणि त्यांच्यामधला मध्य-उजवा, असे ढोबळ तीन प्रवाह. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या राज्य परिषदेत टर्नबुल 'आपला पक्ष गटांवर चालत नाही' म्हणाले तेव्हा प्रतिनिधी मोठ्यानं हसले होते.

नोंद नसल्यामुळे मतं मोजणं अवघड जातं. लेबरमध्ये गटप्रमुखाला विचारलं की वीस मतांचा अंदाज मिळतो. लिबरल पक्षात माणूस माणूस विचारावा लागतो, आणि तोंडावर 'हो' म्हणणारे बॅलटवर दुसरं नाव लिहितात. गटबाजीनं संघटनाही खिळखिळी होते. २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्स शाखेनं स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत शंभराहून अधिक उमेदवारांचे अर्ज वेळेत भरलेच नाहीत, आणि केंद्रीय पक्षाला राज्यशाखा ताब्यात घ्यावी लागली.

नॅशनल्स हा वेगळा पक्ष, त्याचा लिबरल नेतृत्वाशी काय संबंध?

युतीमुळे खूप जवळचा. डिसेंबर १९६७ मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड होल्ट समुद्रात बेपत्ता झाले. तेव्हा कंट्री पार्टीचे, म्हणजे आजच्या नॅशनल्सचे नेते जॉन मॅक्युएन यांनी सांगितलं, की मॅकमहॉन नेते झाले तर आम्ही युतीत राहणार नाही. मॅकमहॉन बाजूला झाले आणि गॉर्टन आले. मे २०२५ मध्ये निवडणूक हरल्यावर युती तुटली आणि काही दिवसांत पुन्हा जुळली. नॅशनल्स स्वतःच्या नेतृत्वाच्या मतदानाचे आकडे जाहीर करत नाहीत, त्यामुळे तिथल्या संख्येच्या बातम्या नेहमी अंदाजावर असतात.

इथे पक्षांतरबंदी कायदा आहे का?

नाही. भारतात १९८५ पासून दहाव्या अनुसूचीमुळे पक्ष सोडला किंवा व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि मूळ पक्ष कुणाचा हा वाद महाराष्ट्रानं २०२२ पासून पाहिला आहे. ऑस्ट्रेलियात पक्ष सोडला तरी जागा खासदाराकडेच राहते. शिस्त पक्ष लावतो. लेबरचा खासदार कॉकसच्या निर्णयाविरुद्ध मत देऊ शकत नाही, अशी लेखी शपथ असते. २०२४ मध्ये सेनेटर फातिमा पेमन यांनी पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर पक्षाविरुद्ध मत दिलं, निलंबन झालं, त्या पक्षाबाहेर पडल्या, पण सेनेटर राहिल्या. लिबरल पक्षात मागच्या बाकावरच्या खासदाराला पक्षाविरुद्ध मत देण्याची तत्त्वतः मुभा आहे. त्याची किंमत पुढच्या उमेदवारीच्या वेळी मोजावी लागते.

मग गट फुटून नवा पक्ष का काढत नाहीत?

१९५५ चा अनुभव. कम्युनिस्टविरोधी गट लेबरमधून बाहेर पडला आणि पुढे त्यातून डेमोक्रॅटिक लेबर पार्टी उभी राहिली. इथे पसंतीक्रमाचं मतदान असतं. त्या पक्षाच्या मतदारांची पुढची पसंती लिबरल युतीला जात राहिली आणि लेबर १९७२ पर्यंत केंद्रात सत्तेवर येऊ शकलं नाही. वेगळं होण्याची किंमत दोन्ही बाजूंना कळली. म्हणून गट एकमेकांशी कितीही भांडले तरी एका छपराखाली राहतात.

नेत्यांमधले तोंडी करार का पाळले जात नाहीत?

कारण खुर्ची देण्याचा अधिकार खासदारांचा असतो, नेत्याचा नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये लेबरचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी आपले खजिनदार पॉल कीटिंग यांना किरिबिली हाउस या पंतप्रधानांच्या सिडनीतल्या निवासस्थानी साक्षीदारांसमोर शब्द दिला, की १९९० च्या निवडणुकीनंतर पद सोडेन. तो पाळला नाही. जून १९९१ मध्ये कीटिंग ६६-४४ असे हरले, मागच्या बाकावर गेले, आणि डिसेंबरमध्ये ५६-५१ असे जिंकले. पहिल्या पराभवानंतर सहा महिने थांबून दुसरा वार करण्याचा हा नमुना पुढे अनेकांनी गिरवला.

लिबरल पक्षाचे जॉन हॉवर्ड (पुढे पंतप्रधान) आणि पीटर कॉस्टेलो (पुढे त्यांचे खजिनदार) यांच्यात डिसेंबर १९९४ मध्ये असंच बोलणं झालं होतं. तिथे हजर असलेल्या इयन मॅकलॅक्लन यांनी त्याचं टिपण पाकिटात जपलं आणि २००६ मध्ये ते जाहीर झालं. कॉस्टेलो यांनी मात्र कधीच आव्हान दिलं नाही, कारण मतं नव्हती. २००७ मध्ये पक्ष हरला आणि हॉवर्ड स्वतःची जागाही हरले.

नेता बदलून निवडणूक जिंकता येते का?

कधी कधी. फेब्रुवारी १९८३ मध्ये बिल हेडन यांनी हॉक यांच्यासाठी पक्षाचं नेतेपद सोडलं आणि महिन्याभरात लेबर सत्तेत आलं. कीटिंग १९९३ ला जिंकले, मॉरिसन २०१९ ला. गिलार्ड यांना २०१० मध्ये त्रिशंकू सभागृह मिळालं, लेबर आणि युती दोन्ही ७२ वर. रड परत येऊन २०१३ मध्ये हरले. न्यू साउथ वेल्समध्ये लेबरनं २००८ आणि २००९ मध्ये एकामागोमाग दोन मुख्यमंत्री बदलले आणि २०११ मध्ये ९३ पैकी २० जागांवर आले.

आमच्या मते फरक एका गोष्टीनं पडतो : कारण लोकांना आधीपासून दिसत होतं का? हॉक-कीटिंग झगडा मतदारांनी वर्षभर पाहिला होता. २०१० मध्ये लोक झोपले तेव्हा रड पंतप्रधान होते आणि उठले तेव्हा नव्हते. सरकार वाट चुकलं होतं, एवढंच सांगण्यात आलं, पण कुठे चुकलं हे सांगितलं तर स्वतःच्याच कामावर टीका झाली असती. ती पोकळी भरली गेलीच नाही. वर प्रचाराच्या ऐन मध्यात मंत्रिमंडळातल्या गुप्त चर्चा बाहेर फुटल्या.

बंडाच्या बातम्या रोज येतात. खरं बंड कसं ओळखायचं?

निनावी 'ज्येष्ठ खासदारां'ची वाक्यं बाजूला ठेवा. पुढच्या गोष्टी पाहा. संसदेचं अधिवेशन चालू आहे का? खासदार कॅनबेरात जमलेले असतात तेव्हाच मतदान शक्य होतं, आणि लांब सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा सगळ्यांत धोक्याचा. २०१३ चं मतदान अशाच आठवड्यातलं. जागा धोक्यात असलेल्या राज्यांतले बॅकबेंचर नाव घेऊन बोलू लागले आहेत का? ज्येष्ठ मंत्री राजीनामा देत आहेत का? मागच्या बाकावरच्या दहा तक्रारींपेक्षा एका ज्येष्ठ मंत्र्याचा राजीनामा जास्त सांगतो. आणि आव्हान देणारा 'मी आव्हान देणार नाही' म्हणतो, की 'सध्या पद रिकामं नाही' म्हणतो? दुसरं वाक्य म्हणजे मोजणी सुरू आहे. मार्च २०१३ मध्ये सायमन क्रीन यांनी स्पिलची मागणी केली, पण रड उभेच राहिले नाहीत, कारण मतं भरत नव्हती. क्रीन यांचं मंत्रिपद गेलं.

भारतीय समाजाचा या सगळ्याशी थेट संबंध आला आहे का?

सप्टेंबर २०२५ मध्ये आला. मे महिन्यात सुझन ली अँगस टेलर यांना २९-२५ असं हरवून लिबरल पक्षाच्या पहिल्या महिला नेत्या झाल्या होत्या. टेलर यांच्या बाजूनं नॅशनल्सची पार्टी रूम सोडून आलेल्या सेनेटर जसिंता प्राइस यांनी एका मुलाखतीत, लेबर भारतीय स्थलांतरितांना मतांसाठी आणतं अशा अर्थाचं विधान केलं. समाजातून तीव्र प्रतिक्रिया आली. प्राइस यांनी माफी मागितली नाही, आणि लीच्या नेतृत्वाला पाठिंबा आहे का, या प्रश्नालाही होकार दिला नाही. ली यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं. भारतीयांबद्दलचं विधान हा वादाचा विषय होता, पण पद गेलं ते नेत्यावर विश्वास व्यक्त न केल्यावर. चार मतांच्या फरकानं आलेल्या नेत्याला असा नकार खपवून घेणं परवडत नाही.

मला पक्षात सामील व्हायचं आहे. काय काळजी घ्यावी?

अर्ज स्वतः भरा, वर्गणी स्वतःच्या कार्डावरून भरा, पत्ता खरा लिहा. सभासदत्व, वर्गणी आणि उमेदवारीच्या मतासाठी लागणारा प्रतीक्षाकाळ राज्यागणिक वेगळा असतो, म्हणून आपल्या राज्यशाखेची नियमावली मागून घ्या. मंडळातल्या कुणी 'नुसती सही करा, बाकी आम्ही पाहतो' म्हटलं तर सही करू नका. मतपत्रिका घरी आली तर ती कुणाच्या हाती देऊ नका. शाखेच्या बैठकांची हजेरी पुढे मताच्या पात्रतेत धरली जात असेल, तर नाव नोंदवल्याची खात्री करा. आणि कधी स्वतः केंद्रीय उमेदवारीचा विचार असेल, तर परदेशी नागरिकत्व सोडल्याची कागदपत्रं अर्जाआधी हातात ठेवा. २०१७ मध्ये कलम ४४ खाली उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांची खासदारकी वडिलांकडून आलेल्या न्यूझीलंडच्या नागरिकत्वामुळे गेली होती.